ओ

पुस्तकं कमी होती. म्मे त्लादींनी
दोघींत एक दिलं, आणि माझ्या वाट्याला आली
मोलिएही, जी पान उलटताना बोट चाटते.

गोष्ट समुद्रकाठच्या कुठल्यातरी देशातली.
त्यातली मुलगी सतत मासे साफ करते,
खवले तिच्या कोपरापर्यंत.
आमच्या लेसोथोत समुद्र नाही. डोंगर आहेत,
आणि जूनमध्ये नळातच गोठलेलं पाणी.
मला काही ती मुलगी आवडली नाही.

सहाव्या प्रकरणात काका तिला जेवायला हाक मारतो.
ताटात मांस आहे. शाळेची फी त्यानंच भरली आहे.
आणि ती ओ देत नाही.
चार पानं नुसती बसून राहते.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: माजोरडी.
मोलिएही हसली. तिनं शब्दाखाली रेघ ओढली,
चांगली दाबून.

माझे वडील तेव्हा वेल्कोमच्या खाणीत.
महिन्याला पैसे यायचे, नाताळात ते स्वतः,
खोकल्यासकट.
कुणाच्या जिवावर शिकतेस, हे मला
सांगावं लागत नव्हतं.
मी पहिल्या हाकेला उठणारी मुलगी होते.

परीक्षेत प्रश्न आला तो ठरलेलाच:
कादंबरीतील स्त्रियांची घुसमट सोदाहरण स्पष्ट करा.
केली स्पष्ट. उदाहरणं पाच, अवतरणं तीन,
वीसपैकी सतरा.
त्यातलं एक वाक्यही मला खरं वाटत नव्हतं.
म्मे त्लादींना ते कळलं असावं.
पेपर परत देताना म्हणाल्या, अक्षर छान आहे.

ऑगस्टमध्ये माझ्या बहिणीचं, केनेउएचं लग्न झालं.
गोठ्याच्या दगडी भिंतीला टेकून
काका-मामा गाई मोजत होते.
निम्म्या गाई म्हणजे नोटाच,
पण मोजायच्या गाई म्हणून.

सासरी मेंढी कापली. तिला निळा शोएशो घातला,
खांद्यावर घोंगडी पिनेनं अडकवली
आणि सासूनं नाव ठेवलं: मालेरातो.
लेरातोची आई.
लेरातो अजून कुठंच नव्हती.

मालेरातो, पाणी आण.

केनेउए चुलीच्या धुराकडे बघत बसलेली.
किती वेळ? एक श्वास. फार तर दोन.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
मग तिच्या मानेत काहीतरी हललं
आणि ती उठली,
हाक दुसऱ्याच कुणाला होती,
ती दुसरी काही आली नाही,
म्हणून आपण जावं, तशी.

मी भांडी विसळत होते.
मला एकदम माशांचा वास आला,
मी कधीच न पाहिलेल्या माशांचा.
चार पानं.
चार पानं तिनं त्या दोन श्वासांना दिली होती,
आणि मी म्हटलं होतं, माजोरडी.

रात्री केनेउएला विचारलं, नाव कसं वाटतं?
म्हणाली, घोंगडीसारखं. ऊब येते, थोडं टोचतं.
आणि हसली. खोटं नाही, खरंच हसली.
ते हसू मी कुठल्या उदाहरणात बसवणार होते?

शाळा उघडल्यावर पुस्तक पुन्हा मागून घेतलं.
शब्द होता तिथंच.
खोडरबर फिरवला, तर पान विरायला लागलं
मोलिएहीच्या रेघेपाशी. मग राहू दिला.
खाली फक्त लिहिलं, हे मी लिहिलेलं आहे,
आणि नाव: पुसेलेत्सो. पूर्ण, वळणदार.
अक्षर छान आहे माझं.

शेवट मात्र मला अजूनही पटत नाही.
ती होडीत बसते आणि पुस्तक संपतं.
इथं होडी कुठून आणायची
हे म्मे त्लादींना विचारायचं राहिलंय.