मुक्कावारांची कीर्द

एका पानाचे बारा रुपये, असं ठरलं.
बावीस बासनं, लाल खारव्यात बांधलेली.
वकील म्हणाले, मागच्या खोलीचं भाडं कुठं लिहिलंय
तेवढं शोधा, बाकीचं सोडून द्या.

बाकीचं सुटत नाही.
पान उलटलं की अक्षरांवरची वाळू बोटाला लागते,
शाई सुकावी म्हणून कुणीतरी कधीतरी भुरभुरलेली.
मी ती टेबलाच्या कोपऱ्यात जमवतो.
कशाला, ते सांगता येणार नाही.

सांबशिव लिंगय्या मुक्कावार, जनरल मर्चंट, सीताबर्डी.
पाटी इंग्रजीत असणार. हिशेब मोडीत,
आणि मोडीत साहेब पटकन ओळखू येत नाहीत:
कपतान हारीस. मोंटी गुमरी.
ओबरीन, रेलवाले, यांस काचेच्या चिमण्या सहा.
कामठीच्या छावणीत गाडीभर सोडा,
फुटक्या बाटल्या तीन वजा.
विलायती विस्कुटाचा डबा, सादळून परत आलेला,
तोच दुसऱ्या बंगल्यावर धाडला, दोन आणे उतरवून.
कोष्ट्यांना सूत उधार, व्याज महिन्याच्या महिन्याला.
महालातल्या एका बड्या घराच्या खात्यात मात्र
तीन वर्षं हेच:
आठवण केली.
आठवण केली.
आठवण केली, हसले.

माणूस मला फारसा आवडत नव्हता.

शके अठराशे चोवीस, पौष.
घासलेट कमी खपलंय, सोमल जास्त, उंदरांसाठी.
गंधक, फिनेल, चुना.
चुना पुन्हा.
मग अकरा पानं कोरी.
हा गृहस्थ समासातसुद्धा आगपेट्या मोजायचा.
(कोऱ्या पानांचे पैसे मिळत नाहीत. विचारून झालं.)

मोडी लिहिताना रेघ आधी ओढतात,
अक्षरं मग तिला टांगतात.
बाराव्या पानावर रेघच तिरकी.

दामाजी दीन ४
नावे काही नाही, जमा काही नाही,
रकमेच्या जागी: किंमत लागली नाही.
खाली, शाई पुन्हा बुडवून:
मागील खोली यांजकडे. भाडे घेऊ नये.

मोडीला ऱ्हस्व-दीर्घ नसतं.
दामाजीचे चार दिवस,
की तो दीन दामाजी आणि त्याच्या घरची चार तोंडं?
चार दिवस असतील तर, कसले?
मी मागे गेलो, मग पुढे.
पौषापर्यंत दर महिन्याला एक ओळ:
चि. मल्लेश, खडीसाखर, दोन पैसे.
पौषानंतर खडीसाखर नुसती गिऱ्हाइकांना.
एवढंच कागदावर आहे.
बेरीज मी केली, ती कीर्दीत नाही.

अशील परवा दुकानात भेटले. मोबाइलची कव्हरं विकतात.
वरून मेट्रो गेली, कव्हरं हुकांवर हलली.
"काऊन जी, सापडलं का भाडं?"
मागच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं.
पाल्याफुलांच्या ब्लाउजला काजं करणारी बाई,
दारावर खडूनं लिहिलेलं आडनाव: निनावे.
जन्म कीर्दी वाचण्यात गेलेल्या माणसाला
हे नाव वाचताना थोडं थांबावं लागतं.
"वाचतोय," म्हणालो.

रात्री पान देवनागरीत उतरवायला घेतलं.
इथे मात्र वेलांटी पहिली की दुसरी, ठरवावंच लागतं.
दिन लिहिलं.
खोडलं.
दीन लिहिलं, वकिलाच्या तोंडात ते कसं वाजेल
ते ऐकून पाहिलं,
पुन्हा दिन केलं.
भाडे घेऊ नये, हे मात्र जसंच्या तसं,
त्यात वेलांटीला वावच नाही.

बिलात त्या पानाचे बारा रुपये लावले.
माझ्याही खोलीचं भाडं दोन महिन्यांचं राहिलंय,
आणि माझ्या घरमालकाकडे तिरकी रेघ नाही.
कोऱ्या अकरा पानांचं काही लावलं नाही,
वाचायला जास्त वेळ त्यांनाच लागला तरी.

वाळू अजून टेबलावर आहे. पंखा लावत नाही.