ओंडका

ही वाट कोणी आखली नाही.
आधी हरणं उतरली असतील पाण्याला,
मग खेचरं, पाठीवर कोळशाची पोती,
मग कोरोश्कातले खाणकामगार,
पहाटेच्या काळोखात, एकामागे एक, न बोलता.
त्यांच्यात माझा बाप.
खाण मिटली. वाट उरली
स्प्रूसच्या सुयांखाली, झोपेत कूस बदलत.

मी तिच्यावरून सायकल घालते.
पोलोना, वय त्रेचाळीस, रात्रपाळीची नर्स.

शनिवारी सकाळी सात. तासाभराचा चढ.
चढाबद्दल फार बोलू नये,
दमछाक, बारीकसारीक शिव्या,
आणि मागून आंझे, "केळं आणलंस का?"
वर पोचलं की सीट खाली दाबायची,
चष्म्यावरची वाफ बाहीनं पुसायची,
आणि आठवड्याचं जे काही गळ्याशी आलं असेल
ते तिथंच बीचच्या बुंध्याला टेकवून ठेवायचं.

मग उतार.

मुळं ओली, माशाच्या पाठीसारखी.
त्यांच्याकडे बघायचं नाही.
बघाल तिथं जाल, हा इथला एकच नियम:
झाडाकडे बघाल तर झाडात,
दोन झाडांमधल्या फटीकडे, तर फटीत.
ब्रेकवर एकच बोट, तेही नुसती विचारपूस करायला.
मागचं चाक घसरलं तर घसरू द्यावं,
ते त्याच्या अकलेनं येतं मागून.
खडखड, खडखड, दातांत दगड वाजतात,
आणि अचानक काळी मऊ माती, आवाज बंद,
सगळं रान कान टवकारून,
नुसती चेन, नुसता श्वास,

आणि ओंडका.

आडवा. मांडीएवढा. सालीसकट.
सायकल अलीकडे राहिली, मी पलीकडे.
हनुवटीला पाच टाके, माझ्याच वॉर्डात.
आंझेनं ओंडका दरीत लोटला.
पुढच्या शनिवारी दुसरा.
त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरा, पावसानं जड.
म्हातारा लोव्रो ठेवतो, सगळ्या गावाला ठाऊक.
त्याचं रान, त्याचं लाकूड.
आम्ही हात हलवायचो, तो गायींशी बोलायचा.

जूनमध्ये एकदा आभाळ काळं होऊन आलं
आणि त्याचं अख्खं गवत उतारावर पसरलेलं.
एकटाच होता, हातात दाताळं,
धावता न येणाऱ्या माणसाचं धावणं धावत.
आम्ही सायकली कुंपणाला टेकवल्या.
(यात चांगुलपणा शोधू नका.
पाऊस आम्हालाही गाठणारच होता.)
दोन तास. हेल्मेट डोक्यावर तसंच,
नाकातोंडात कुसळं. शेवटचा भारा आत गेला
तेव्हा पत्र्यावर पहिले टपोरे थेंब.

त्यानं सफरचंदाची आंबट दारू ओतली,
माझ्या हनुवटीकडे बघून म्हणाला, "कशाचं?"
"तुमच्या ओंडक्याचं."
त्यानं पेला पुन्हा भरला. माफी वगैरे काही नाही.
दारातून पाऊस दाखवला फक्त:
वाटेवरून पाणी येत होतं,
आमच्या चाकांनी पाडलेल्या चरीतून,
शिस्तीत, एका रेषेत, थेट त्याच्या गोठ्यात.
गाय एक पाय उचलून उभी.

"आडवा नाही ठेवत मी," तो म्हणाला. "तिरपा.
पाणी रानात वळतं. तुझ्या बापानंही ठेवलेत."

तीन महिने बघत होते मी त्या ओंडक्याकडे,
म्हणून तर आपटत होते.

आता कुदळी घेऊन जातो आम्ही, महिन्यातून एकदा.
आंझे चर बुजवतो आणि कुरकुरतो.
लोव्रो येत नाही. झाडं मोजत असतो, म्हणे.
ओंडका तिथंच आहे, तिरपा,
फक्त अलीकडे-पलीकडे सपाट दगड रचलेत कोणीतरी
आणि वरच्या सालीत कुऱ्हाडीनं खाचा पाडल्यात,
टायरला धरायला पुरतील एवढ्याच.

मोजल्या एकदा, उतरून. सात.
आठवी अर्धवट होती. बहुधा मी येताना दिसले असेन.