एकसष्ट हजार, पण कशाचे

वॉल्सॉलला, कालव्याच्या मागे, टायरवाल्याला लागून माझं अंगण.
नऊ गाड्या. एक रोमानियन कुत्रा.
म्हणजे इथं कुणीच इथलं नाही, असं नझाकत म्हणतो.

ग्लेनिस प्रिचर्ड रेक्सहॅमहून आल्या मेमधल्या ओल्या शनिवारी,
नवऱ्याची व्हीलचेअर बसेल का, ते मापायला टेप घेऊन.
एस्टिमाचं मागचं दार उघडलं, वाकून मापलं, बसत होती.
मग पुढे येऊन काचेआडचा आकडा वाचला:
६१,४०८.
"हे मैल, की किलोमीटर?"

अकरा वर्षं गाड्या विकतोय.
या प्रश्नाला मी आधी चहा विचारतो.

काय सांगू, बाई.
ही नागोयात चालली ती किलोमीटरात.
मग सहा आठवडे बोटीच्या पोटात. एवढा समुद्र पार केला,
काटा जागचा हलला नाही.
साउदॅम्प्टनला उतरल्यावर केव्हातरी कुणीतरी
नखाएवढी एक चिप बसवली,
तेव्हापासून ती मैल मोजते.
पण आधीच्या किलोमीटरांचं काय झालं?
भागले? की तसेच ठेवून वर मैल रचले,
वारानं घेतलेल्या कापडाला मीटरचं ठिगळ लावावं तसे?

जुन्या तपासण्यांचे कागद काढले.
एका साली ५८,९००. पुढच्या साली ३६,६००.
त्या वर्षी बहुतेक ती उलटी चालली.
भागलं असेल हो.
किंवा कापलं असेल.
भागाकार काय, चोरी काय, आकडा लहानच होतो.

जपानी लिलावाचा कागदही आहे.
त्यातले मला फक्त आकडे वाचता येतात,
आणि रनिंगभोवती कुणीतरी पेनानं काढलेला गोल.
नझाकत सांगतो, तिकडे गोल म्हणजे बरोबर.
आमच्या शाळेत चुकीभोवती काढायचे.

"मग पेडल बघा," म्हटलं.
ब्रेकचं रबर उजव्या कोपऱ्यात झिजलंय,
स्टिअरिंग एका जागी चकाकतंय जुन्या नाण्यासारखं.
रबर खोटं बोलत नाही.
हे बोलून गेलो आणि आठवलं,
रबर आठ पौंडांना नवं मिळतं.
तेही सांगून टाकलं.

त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
"तुमचं लायसन दाखवा. मुलीनं बजावलंय."
दिलं.
"अरे वा, एक जून! पुढच्याच आठवड्यात वाढदिवस!"

आता या बाईला काय सांगू,
की आमच्या वर्गात एकतीस पोरं एक जूनला जन्मली.
मामानं नाव घालायला नेलं,
गुरुजींनी डोक्यावरून उजवा हात डाव्या कानाला लावायला सांगितला.
कान चार बोटं लांब राहिला.
मी मान जराशी कलती केली.
गुरुजींनी पाहिलं, मामानं पाहिलं,
आणि दौतीत टाक बुडाला.
त्या आकड्यावर पुढे व्हिसा मिळाला, कर्ज मिळालं,
आणखी काही वर्षांनी पेन्शनही मिळेल,
खऱ्या वेळेच्या थोडी आधी की नंतर, देव जाणे.
आईला विचारलं होतं एकदा. म्हणाली,
ज्वारी हुरड्यात आली होती.

"थँक यू," म्हणालो.
पावतीच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं:
आकड्याची खात्री नाही.
तीनशे पौंड उतरवले.
नझाकत आतून बघत होता, त्यानं कपाळाला हात लावला.

त्या म्हणाल्या, एक चक्कर मारू.
कालव्यावरून आस्दापर्यंत, गोल फिरून परत.
वायपर करकरत होता, त्याबद्दल कुणी बोललं नाही.
अंगणात शिरताना दोघांनीही एकदमच खाली पाहिलं.
६१,४११.

"हे तीन," मी म्हटलं,
"हे तीन मैल आहेत, बाई.
हे मी लिहून देतो."