मधला मासा

कातोवित्सेत समुद्र नाही.
कोळसा होता, आता तोही फारसा नाही.
तरी ट्रामच्या वळणावर मासळीचं एक दुकान आहे
आणि दुकानाच्या कपाळावर एक मासा
एकाहत्तर सालापासून पाण्यातून टोपलीत जात होता.

मी एलईडीवाला.
मालक त्सेझारी म्हणाला, बिल बघ,
ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐक, वरची बाई रात्रभर झोपत नाही,
आणि उद्या नळी फुटली तर वाकवून द्यायला उरलंय कोण?
मी फोटो काढला, दर सांगितला.
बारा व्होल्ट. तीन वर्षांची हमी.
जुन्याला दहा हजार लागायचे,
हे जरा मोठ्यानंच सांगितलं.

काच उतरवताना हात कापले, खोटं कशाला बोलू.
करंगळीएवढी जाड नळी, आत काहीच नाही,
आणि तेच काहीच नाही मी छातीशी धरून
शिडीचे अकरा दांडे उतरलो.

नवी पाटी लागली.
पाण्यात निळा मासा, मग टोपलीत लाल.
निळा, लाल. निळा, लाल.
लोक म्हणाले, स्वच्छ दिसतं.

पाचव्या दिवशी एक म्हातारी आली, काखेत गुंडाळी.
नाव लुडविका. बोटांची टोकं गुळगुळीत, ठसेच नसल्यासारखी.
"मधला कुठाय?"
कुठला मधला?
"अहो, तो पाण्यात असतो, मग टोपलीत असतो.
जातो कसा?"

मी फोटो पुढे केला. फोटोत दोनच होते.
मधली नळी कधीच विझली होती,
वीस वर्षं, कदाचित जास्त,
आणि साऱ्या वस्तीला सवय झाली होती
उडी न मारता पोचणाऱ्या माशाची.

तिनं गुंडाळी उलगडली.
कडा जळलेला जाड कागद, त्यावर कमानीसारखा मासा,
उलटा, आरशात पाहावा तसा.
"काच मागच्या बाजूनं वाकवतात," ती म्हणाली.
"मऊ झाली की दोन-तीन क्षण मिळतात.
रबरी नळी दातांत धरायची, हळू फुंकायचं,
नाहीतर वळणावर पोट आत जातं."

म्हणजे यात तुमचा श्वास होता, मी म्हटलं.
मला वाटलं, तिला बरं वाटेल.
ती हसली.
"श्वास पंपानं ओढून काढतात, पोरा.
थोडा जरी राहिला तर रंग नासतो."

मग आम्ही भांडलो, चहा निवेपर्यंत.
तिचा निळा जानेवारीत मंद व्हायचा, हे तिनंच कबूल केलं.
माझा उजेड एकाच दिशेला बघतो, हे मी.
"आमचा भिंतीलाही लागायचा. साचलेल्या बर्फालाही."
भिंत काय मासळी विकत घेते?
यावर ती काही बोलली नाही.
साखर ढवळत राहिली, कपात साखर नसताना.

मी हिरवी पट्टी आणली. सिलिकॉनची, थंड, कात्रीनं कापायची.
ती कागदावर वाकवत गेली, माझ्याहून भराभर,
आणि प्रत्येक वळणावर तिचे गाल फुगत होते,
तिच्या नकळत, तोंडात काही नसताना.

शेपटीशी अडलं.
पट्टी खुणेवरच कापता येते,
दर अडीच सेंटीमीटरला एक खूण.
"इथे काप. अर्धा बोट पुढे."
तिथे कापली तर पेटणार नाही.
तिनं कात्री खाली ठेवली.
"म्हणजे हा तुझ्या मापानं उडणार."

त्सेझारीनं मधल्याचे पैसे दिले नाहीत;
न मागितलेला मासा, म्हणाला.
संध्याकाळी ती थांब्यावर उभी होती.
निळा, हिरवा, लाल.
एक ट्राम गेली. दुसरीही तिनं सोडली.
मी रस्ता ओलांडून विचारलं, कसा वाटतो?

"शेपूट आखूड आहे,"
म्हणाली, आणि तिसरीत चढली.

आखूडच आहे.
आता रोज तेवढंच दिसतं.