पोकळ काडतूस

रास्कच्या काउंटरवर हिरवं रबर अंथरलेलं.
सोनारानं वजनं मांडावीत तशी
त्यावर त्यानं चार काडतुसं उभी केली
आणि विचारलं, "हरीण, की एल्क?"
"दोन्ही," मी म्हणाले. "बंदूक एकच घेणार. खांदाही एकच उरलाय."

उजव्या खांद्यात दोन स्क्रू आहेत हे त्याला ठाऊक होतं.
बिटररूटच्या या टोकाला
कुणाचं काय कुणाला ठाऊक नसतं?

मागे माझा दीर हाल्वर, थर्मास घेऊन.
त्याचं आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला:
"एल्कला मॅग्नमच हवी. लाइलची पडून आहे की कपाटात.
तीनशे विन-मॅग. पलीकडच्या डोंगरावरचं पाडते."

रास्क काही बोलला नाही.
टू-फोर्टी-थ्री त्यानं बोटानं आडवी केली:
"हरणाला पुरे. एल्कच्या हाडाशी हिचं भांडण नको लावायला."
थर्टी-ऑट-सिक्सवर बोट जरा रेंगाळलं,
त्याच्या वडिलांची तीच होती.
मग शेवटचं, बुटकं.
"सेव्हन एमएम-झिरो-एट. एकशेचाळीस ग्रेनची गोळी,
अडीचशे यार्डांच्या आत, पुढच्या पायामागे."
"आणि अडीचशेच्या पुढे?"
"पुढे चालत जायचं, मॅरिट."

दुपारी खडीच्या खाणीत त्यानं कागदी ताटल्या ठोकल्या.
"मॅगझिन मी भरणार. तू बघायचं नाहीस."
आधी लाइलची मॅग्नम.
एक बार. टोपी उडाली.
दुसरा. दातांत पितळेची चव.
तिसऱ्याला नुसतं टक्.
आत काडतूस होतं, पण पोकळ,
दारू नसलेलं, लाल प्लास्टिकचं.
बार झालाच नाही,
तरी नळी आपणहून खाली गेली,
काठी उगारलेली पाहून कुत्रं दबतं तशी.
आणि माझे डोळे मिटलेले होते.

मला लाइल आठवला.

एकतीस शरद ऋतू मी त्याच्या शेजारी पालथी पडले,
दुर्बीण डोळ्याला लावून.
कधी कधी मी एल्क सोडून त्याच्याकडे बघायची.
चाप ओढायच्या आधी तो डोळे मिटायचा.
मला वाटायचं, माफी मागतोय.
इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात
त्या माफीचे गुण देत आले.

तो नर एल्क, जळक्या लॉजपोलच्या उतारावरचा,
चारशेऐंशी यार्ड.
बर्फावर रक्त हिरवट होतं, पोटाचा वास येत होता.
टॉर्च घेऊन मध्यरात्रीपर्यंत आम्ही हिंडलो,
नाल्यात उतरलो, पुन्हा चढलो,
एकमेकांशी एक शब्द नाही.
सकाळी डोमकावळ्यांनी सांगितलं कुठे ते.
वहीत त्यानं एवढंच लिहिलं: गोळी हलकी पडली.
पुढच्या वर्षी त्याहून जड आणली.
नाकापेक्षा मोती जड झालाय
हे मी तरी कुठे म्हटलं.
मला ते कळलंच नव्हतं.

"घे," रास्क म्हणाला, आणि बुटक्या काडतुसांची बंदूक हातात दिली.
लहान नळी, अक्रोडाचा दस्ता, कुणीतरी वापरून विकलेली,
गालाच्या जागी लाकूड झिजून मऊ झालेलं.
पहिला बार. खांद्यानं तक्रार केली, पण शेजाऱ्यासारखी.
दुसरा. ताटलीच्या मधोमध.
तिसऱ्याला पुन्हा
टक्.
नळी जिथल्या तिथे.
दुर्बिणीत ताटली, ताटलीत भोक,
भोकातून पलीकडची पिवळी माती दिसत होती
आणि मी ती बघत होते.

हाल्वर कॉफी ओतत होता. त्यानं काहीच पाहिलं नाही.

वीस काडतुसांची एक पेटी घेतली.
सतरा कागदावर उडवायची, रास्कनं बजावलंय,
तीन खिशात.
परवा पहाटे लायसन्स शोधताना
कोटाच्या अस्तरात काहीतरी खुळखुळलं,
हलकं, लाल.
त्यानं मागितलं नाही
आणि मी अजून परत केलेलं नाही.