वेगळ्या चुली

ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेर सूर्य रजेवर जातो.
रानवैगच्या पडद्यावर मात्र लख्ख उजेड,
त्यात सहा पायांचा एक प्राणी
पडतो, उठतो, पडतो.
चारशे बारा आकड्यांचं त्याचं गुणसूत्र,
सगळं एकाच पिळात वळलेलं.
तिसऱ्या पायाचा गुडघा सुधारावा
तर पाचवा पाय आभाळाकडे.
नऊशे पिढ्या झाल्या,
मागचे पाढे पंचावन्न.

संकर तर कुठेही कात्री चालवतो.
अर्धी चाल आईची, अर्धी बापाची,
आणि मधल्यामध्ये
चालणंच कापलं जातं.

मग तिने 'पाय' एकदाच लिहिला
आणि सहा वेळा उच्चारला.
शिवाय प्रत्येक जोडतारेवर बसवली जकात.
थोडीशीच.
फुकट होतं तोवर सगळे सगळ्यांत गुंतलेले,
पैसे पडू लागले तशा
नुसत्या ओळखीच्या तारा गळाल्या.
उरले पुंजके,
आत दाट बोलणारे, बाहेर मोजकं.
घर एक, चुली वेगळ्या,
मधल्या दारातून मिठापुरती देवाणघेवाण.

"म्हणजे फाटलं यांचं?" एस्पेनने विचारलं.
"छे. एकाला ताप आला
तर साऱ्यांनी अंथरूण धरू नये, एवढंच."
आणि चाचणी म्हणून तिने पाचवा पाय काढून टाकला.
प्राणी थबकला.
लंगडला.
चालू लागला.

तीन वाजता, गडद काळोखात, ती वडिलांकडे जाते.
चाळीस वर्षं कॉड धरला ओद्वारने,
मार्चमध्ये डोक्यात एक शीर तुंबली
आणि शब्द गेले.
कपाला होडी म्हणतो. होडीला काहीच नाही.
तिला हाक मारायला तोंड उघडतो,
उघडंच राहतं.

आज तिने तुटका दोर नेलाय.
त्याने तो मांडीवर घेतला,
तीन पेड सुटे केले,
वरून, खालून, पुन्हा वरून,
बघतही नव्हता.
भाषा बुडाल्याची बातमी
हातांपर्यंत पोचलीच नव्हती.

कुणी बसवली असेल ही जकात,
कुठल्या माशाच्या कितव्या पिढीत,
ती विचार करत राहिली.
तिच्या प्रयोगात तरी त्याचं उत्तर नव्हतं.

सांधा ओढून बघितला त्याने, दोनदा.
मग दोर तिच्या तळहातावर ठेवला,
आणि तिची बोटं मिटवली.
मधल्या दारातून
तेवढंच मीठ.