प्रकरण पाचवं : मर्यादा

अकरा वर्षं नोकरी करून परत बाकावर बसले.
नर्सिंग, ऑनर्स, संशोधनासह.
वयाच्या चौकटीत एकोणचाळीस वाचून
कारकुनाने चष्मा वर केला :
मुलीचा फॉर्म का?
मुलगी दहावीला. आता घरी एकाच टेबलाच्या
दोन बाजूंना दोन परीक्षा,
आणि मध्ये डाळीचं पातेलं.

विषय साधा घेतला :
पुरुषांच्या वॉर्डात रात्री झोप कशाने मोडते.
इमेल्दा मॅडम म्हणाल्या, मोजता येईल तेवढंच विचार.
मोजलं.
फोंड्याच्या इस्पितळात एकवीस रात्री,
बारा ते पाच, खांबाआडच्या स्टुलावर,
मांडीवर वही, हातात आवाज मोजायचं उसनं यंत्र.

औषधांच्या ट्रॉलीचं डावं चाक : एकोणसाठ.
सलाइनचा स्टँड सरकताना : चौसष्ट.
हातातून सुटलेलं बेडपॅन : विचारू नका.
फर्मागुडीचा चढ चढणारे ट्रक,
कँटीनचं शटर,
पत्र्यावर टपटपणारी जांभळं
(हंगामी, म्हणून वेगळा रकाना).
आणि सगळ्यांच्या वर, एकशे अठ्ठेचाळीस नोंदी :
आम्ही.
आमच्या चपला, किल्ल्या, आमची ती
अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाणारी कुजबुज,
पाच वाजता गाढ झोपेच्या काखेत
खुपसलेला थर्मामीटर.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
तीनदा मोजल्या.
त्यातल्या बऱ्याच चपला माझ्या होत्या.

मग दुसरा टप्पा.
चाकांना तेल (मंजुरी येईपर्यंत घरचं खोबरेल),
पायांत रबरी तळ, रुमालात गुंडाळलेल्या किल्ल्या,
थर्मामीटर सहानंतर.
ओहोटीला खाजणातलं पाणी उतरावं
तसा आलेख उतरला.
घोरणंसुद्धा एका लयीत आलं.
मी स्टुलावर बसून चक्क हसले.

खाट नऊ सोडून.

शाणू तारी. वय एकाहत्तर. पायाला साखरेची जखम.
दुर्भाट-रासयच्या फेरीबोटीवर तेहतीस वर्षं,
इंजिनापाशी.
पहिल्या टप्प्यात झोप : सहा तास.
दुसऱ्यात : एक तास दहा मिनिटं.
चौथ्या शांत रात्री त्याने माझं मनगट धरलं,
हात गरम नव्हता, मी आधी तेच पाहिलं.
"गो बाय, हांगा कोण ना?"
आहोत की, म्हटलं, चौघीजणी आहोत.
छताकडे बघत म्हणाला,
इंजिन चालू असलं की तारी झोपतो.
बंद पडलं की उठून बसतो.
तुमच्या चपला वाजत होत्या
तोवर बोट चालली होती.

सांख्यिकीत अशाला बाहेरचा म्हणतात.
अठ्ठाविसांतला एक.
मॅडमनी पेन्सिलीने गोल केला :
हा काढलास तर निष्कर्ष स्वच्छ येतो.
मॅडम वाईट नाहीत.
यंत्र त्यांनीच कुठून कुठून मागून आणलं होतं,
आणि गोलही त्यांनी
खोडता येईल असा हलकाच काढला होता.

मी खोडला.
पाचव्या प्रकरणात, मर्यादा या मथळ्याखाली,
एक वाक्य टाकलं :
एका रुग्णाला शांतता मानवली नाही,
कारण पुढील अभ्यासात तपासावे.
चार वेळा लिहून चार वेळा बदललं,
प्रत्येक वेळी तारी त्यातून निसटत गेला,
उरला तो रुग्ण.

नोंदींचा काळ संपल्यावरची गोष्ट,
म्हणून ती कुठल्याच रकान्यात नाही :
फेरी मारताना नऊपाशी आले
की रुमाल सोडते
आणि किल्ल्या एकदाच,
हलकेच वाजवते.
आठ आणि दहा झोपलेले असतात.
तो कूस वळतो.

तोंडी परीक्षा सोमवारी.
बाहेरच्या परीक्षकांनी त्या वाक्याबद्दल विचारलं
तर काय सांगायचं, ठरलेलं नाही.
पाय तेवढा भरत आलाय त्याचा.